ठणठणीत चकतीची निवृत्ती

शाळेतल्या शिक्षकाला अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली की निवृत्त व्हावे लागते. आदल्या दिवशी त्याने दहावीचा तास उत्तम घेतलेला असेल, तिसऱ्या मजल्याचा जिना न थांबता चढलेला असेल. पण सेवापुस्तकातल्या जन्मतारखेपुढे या गोष्टींना किंमत नसते. उलट पन्नाशीतच थकलेला एखादा सहकारी अजून आठ वर्षे खुर्ची अडवून बसणार असतो. यात अन्याय आहे असे पुष्कळांना वाटते, आणि तो थोडासा आहेही.

विमानाच्या जेट इंजिनातले काही भाग नेमके असेच निवृत्त होतात. इंजिन उघडतात, आतली जड धातूची चकती बाहेर काढतात, धुतात, भिंगाखाली पाहतात. तिच्यावर ओरखडाही नसतो. तरी तिच्या नोंदवहीत एक ठरावीक आकडा पूर्ण झालेला असेल, तर ती पुन्हा इंजिनात बसवता येत नाही. लाखो रुपयांची, दिसायला नवी कोरी चकती भंगारात जाते. कंपनीच्या मालकाने कितीही विनवण्या केल्या तरी कायदा बधत नाही.

हा आकडा कोठून आला, तो कशाची हमी देतो आणि कशाची देत नाही, याचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत. त्याआधी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग.

एकाच डबीतल्या कागदाच्या टाचण्या, म्हणजे जेमक्लिपा, मुलांना एकेक वाटा. प्रत्येकाने क्लिप उलगडून सरळ करावी, मग तार एकाच जागी काटकोनात वाकवावी आणि पुन्हा सरळ करावी. वाकवणे आणि सरळ करणे मिळून एक फेरा. तार तुटेपर्यंत फेरे मोजायचे आणि आकडे फळ्यावर लिहायचे. सगळ्या क्लिपा एकाच कारखान्यातल्या, एकाच डबीतल्या, तरी आकडे एकसारखे येत नाहीत. कोणाची तार लवकर तुटते, कोणाची दुपटीने टिकते. आता मुलांना विचारा: याच डबीतली एक क्लिप मी एका माणसाचा जीव टांगायला वापरणार आहे. ती किती फेऱ्यांनंतर बदलू? सरासरी आकडा सांगणारी मुले सुरुवातीला बरीच निघतात. मग कोणीतरी म्हणते, "सर, निम्म्या क्लिपा तर त्याच्या आधीच तुटल्यात!" तिथून पुढचा तास आपोआप चालतो.

एका झटक्यात न तुटणारी तार वारंवार वाकवल्याने तुटते, याला कोणी धातूची श्रांती म्हणतात, कोणी थकवा. आपण त्याला धातूचा शीण म्हणू. शीण हा शब्द फसवा आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. माणसाचा शीण रात्रभर झोपल्यावर उतरतो. धातूचा उतरत नाही. सूक्ष्म भेग पडते, ती प्रत्येक फेऱ्याला किंचित पुढे सरकते, आणि विश्रांती दिली तरी ती मिटत नाही.

या प्रकाराकडे जगाचे लक्ष गेले ते रेल्वेमुळे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गर्दीने भरलेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. आस मोडावा एवढे ओझे त्यावर नव्हते. मग तो मोडला का? पुढे जर्मनीत आउगुस्ट व्योलर या रेल्वे अभियंत्याने आसांचे नमुने यंत्रात फिरवून, वेगवेगळ्या भारांखाली ते किती फेऱ्यांनी तुटतात हे वर्षानुवर्षे मोजले. भार जितका जास्त तितके फेरे कमी, हा संबंध त्याने आकड्यांत मांडला. १८७० च्या सुमारास हे काम पूर्ण झाले. आजही आम्ही प्रयोगशाळेत जे आलेख काढतो ते त्याच घराण्यातले.

विमानांना हा धडा पुन्हा, आणि महागात, शिकावा लागला. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश बनावटीची दोन कॉमेट जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या आत पुन्हापुन्हा दाब देण्यात आला. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतली 'उड्डाणे' मिळून सुमारे तीन हजारांनंतर त्याचे कवच फाटले. विमान तयार करताना कंपनीने कवचाची चाचणी घेतली होतीच आणि ते यापेक्षा पुष्कळ जास्त टिकले होते. पण चाचणीच्या त्या तुकड्याला आधी एकदा मोठा दाब दिला गेला होता, आणि त्यामुळे त्याच्या नाजूक जागा उलट बळकट झाल्या होत्या. आकडा खरा होता, पण वेगळ्याच वस्तूचा. हे वाक्य पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता इंजिनाकडे येऊ. जेट इंजिनात पुढे पंखा, त्यामागे हवा दाबणारा काँप्रेसर, मग ज्वलनकक्ष आणि शेवटी टर्बाइन. या सगळ्यांत पाती असतात, आणि पाती चकत्यांच्या कडेला बसवलेली असतात. चकतीला काय सोसावे लागते याचा हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्राने होतो. समजा, पंख्याचे एक पाते ५ किलोचे आहे, त्याचे गुरुत्वमध्य अक्षापासून ०.७ मीटरवर आहे आणि पंखा मिनिटाला ३,५०० फेरे घेतो. कोनीय वेग सेकंदाला सुमारे ३६६ रेडियन. त्याचा वर्ग गुणिले त्रिज्या गुणिले वस्तुमान: सुमारे ४,७०,००० न्यूटन. म्हणजे पाच किलोचे पाते चकतीला जवळजवळ ४८ टनांच्या जोराने बाहेर ओढते. अशी अडतीस पाती असतील तर? मुलांना गुणाकार करू द्या. हा ताण विमान उड्डाणाला निघताना चढतो आणि उतरून इंजिन बंद झाले की शून्यावर येतो. एक उड्डाण म्हणजे क्लिपेचे एक वाकवणे. विमान-व्यवसायात याला 'सायकल' म्हणतात. दुचाकीशी घोटाळा नको म्हणून आपण फेराच म्हणू.

म्हणून चकतीचे वय तासांत मोजून भागत नाही, फेऱ्यांत मोजावे लागते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे इंजिन पंधरा-सोळा तास चालते, पण चकतीच्या हिशेबी तो एकच फेरा. मुंबई-पुणे-नागपूर असे दिवसाला सहा वेळा चढउतार करणारे इंजिन कमी तास चालूनही लवकर म्हातारे होते. दिवसाला सहा फेरे धरले तर वर्षाचे दोन हजारांच्या वर जातात, आणि वीस हजारांची मर्यादा असलेली चकती दहा वर्षांच्या आतच निवृत्त होते. जगभर हजारोंच्या संख्येने वापरल्या गेलेल्या सीएफएम-५६ या इंजिनात पंख्याकडच्या चकत्यांची मर्यादा साधारण ३०,००० फेरे, मागच्या टर्बाइनची २५,००० आणि तापलेल्या गाभ्याची २०,००० धरलेली असते. एकाच घरातल्या माणसांची निवृत्तीची वर्षे वेगवेगळी, तसे हे.

पण पात्यांना अशी सक्ती का नाही? पाती तर अधिक नाजूक दिसतात. उत्तर इंजिनाच्या बाहेरच्या कवचात आहे. एखादे पाते तुटून उडाले तर ते आतच अडवता आले पाहिजे, अशी कवचाची परीक्षा घेतली जाते. जमिनीवर चालत्या इंजिनात मुद्दाम पाते उडवून कंपनीला ते सिद्ध करावे लागते. चकतीच्या बाबतीत असे कवच करता येत नाही. वर धरलेल्या वेगाने फिरणारी ८० सेंटिमीटर व्यासाची, १६८ किलोची भरीव चकती घेतली, तर पाती सोडूनही तिच्यात सुमारे नऊ लाख ज्यूल ऊर्जा असते. एक टनाची मोटार ताशी दीडशे किलोमीटरने धावताना जेवढी असते तेवढी. ती थोपवील असे कवच केले तर विमान उडणार नाही. तेव्हा अभियंत्यांपुढे एकच मार्ग उरतो: चकती तुटूच द्यायची नाही. म्हणजे तिच्यात भेग पडण्याची शक्यता येण्याआधीच ती काढून टाकायची.

'शक्यता येण्याआधी' म्हणजे केव्हा? नमुन्यांच्या आणि पूर्ण चकत्यांच्या चाचण्या घेतात. चकती खंदकात बसवलेल्या निर्वात कोठीत गरगर फिरवतात, थांबवतात, पुन्हा फिरवतात. आकडे पसरलेले येतात, तुमच्या फळ्यावरच्यासारखेच. मग त्या पसाऱ्याच्या डाव्या टोकाला, जिथे हजारात एका चकतीत जेमतेम पाऊण मिलिमीटरची भेग पडलेली असेल अशा जागी रेघ मारतात. तीच मर्यादा. आता याचा अर्थ नीट पाहा. निवृत्त होणाऱ्या हजार चकत्यांपैकी नऊशे नव्याण्णवांत त्या दिवशी भेगच नसते. कोणती एक सदोष आहे हे माहीत नाही म्हणून सगळ्या जातात.

आम्ही स्वतः काही वर्षे अशा चाचणी-यंत्रापाशी काढली आहेत. एकाच सळईतून कापलेले, एकाच कारागिराने घासलेले नमुने घेतले तरी एखादा दुसऱ्याच्या तिप्पट टिकतो आणि का, ते मोडलेले तोंड पाहूनही नेहमी सांगता येत नाही. त्यामुळे हजारातल्या एकासाठी सगळ्यांना घरी पाठवण्याचा नियम आम्हाला कधी उधळपट्टी वाटला नाही. आम्हाला खटकते ते दुसरेच. एकदा आकडा ठरला की तो धातूचा गुणधर्मच असल्यासारखी त्यावर श्रद्धा बसते. त्या श्रद्धेला तडा गेला तो दिवस म्हणजे १९ जुलै १९८९.

त्या दुपारी युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे उड्डाण अमेरिकेतील डेन्व्हरहून शिकागोला निघाले होते. विमान डीसी-१०, तीन इंजिनांचे: दोन पंखांखाली आणि एक शेपटात. आत २९६ माणसे. सव्वातीनच्या सुमारास, ३७,००० फूट उंचीवर, शेपटातल्या इंजिनाच्या पंख्याची चकती फुटली. टायटॅनियमच्या मिश्रधातूची, सुमारे १६८ किलोची, ८० सेंटिमीटर व्यासाची चकती. आपण वर उगाच हे माप घेतले नव्हते.

तुकडे कवच फोडून बाहेर पडले आणि शेपटाच्या पृष्ठांत घुसले. विमानाची सुकाणू हलवणाऱ्या तेलदाबाच्या नळ्यांच्या तीन स्वतंत्र प्रणाली होत्या. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी, अशी योजना. पण शेपटात तिन्हींच्या नळ्या एकमेकींजवळून जात होत्या. तिन्ही फुटल्या. कप्तान अल हेन्स यांच्या हाती सुकाणूचा दांडा होता, पण तो कशालाच जोडलेला नसल्यासारखा झाला. उरली पंखांखालची दोन इंजिने. एकाचा जोर वाढवला आणि दुसऱ्याचा कमी केला की विमान थोडे वळे. दोन्हींचा वाढवला की नाक वर जाई. प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच पुढे आले आणि वैमानिकांच्या मध्ये गुडघ्यांवर बसून दोन्ही इंजिनांचे दांडे दोन हातांनी चालवू लागले. १९८५ साली जपानचे एक मोठे विमान अशाच अवस्थेत डोंगरावर आदळले होते. त्यानंतर फिच यांनी कुतूहलापोटी नकली विमानकक्षात या प्रकाराचा सराव केला होता.

चौरेचाळीस मिनिटांनी विमान आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आले, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने. टेकता टेकता उजवा पंख खाली झुकला, विमान मोडले, पेटले आणि शेजारच्या मक्याच्या शेतात जाऊन पडले. ११२ जण गेले, त्यांतला एक महिन्याभराने. १८४ जण वाचले. तपासणीत नंतर इतर वैमानिकांना हीच परिस्थिती नकली कक्षात दिली, तेव्हा सुरक्षित उतरवणे कोणाकडूनही खात्रीने होईना.

चकती मात्र सापडत नव्हती. ती फुटली त्या जागेखाली मैलोगणती शेते होती. इंजिन बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने शेतकऱ्यांसाठी बक्षीस जाहीर केले, आणि ऑक्टोबरमध्ये, कापणीच्या वेळी, आल्टा गावाजवळच्या शेतात एका शेतकरी बाईंना ती जमिनीत रुतलेली आढळली.

आता धातूतज्ज्ञांचे काम सुरू झाले. चकतीच्या मधल्या भोकाच्या आतल्या पृष्ठावर, म्हणजे जिथे ताण सर्वांत जास्त असतो तिथे, एक बारीक खळगा होता: लांबी सुमारे १.४ मिलिमीटर, खोली सुमारे ०.४. मोहरीच्या दाण्याचा ठसा म्हणा. त्याच्या भोवतीच्या धातूत नायट्रोजनचे प्रमाण भलतेच जास्त होते. तापलेल्या टायटॅनियमला ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांची विलक्षण हाव असते, म्हणून ते निर्वातात वितळवतात. तरी कुठे हवेचा अंश शिरला तर नायट्रोजनने भरलेली कठीण, ठिसूळ गुठळी तयार होते. तिचा वितळणबिंदू भोवतीच्या धातूपेक्षा पुष्कळ वरचा. त्यामुळे खिरीत पिठाची गाठ राहावी तशी ती वितळलेल्या धातूतही टिकून राहते. चकती घडवून झाल्यावर, शेवटच्या कातकामाच्या सुमाराला, ती गुठळी निखळली असावी आणि खळगा राहिला असावा.

भेग त्या खळग्यातून निघाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली भेगेच्या पृष्ठावर बारीक समांतर रेघा दिसतात. ताणाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी भेग थोडी पुढे सरकते आणि एक रेघ उमटते. खोडातल्या वर्षवलयांसारख्या त्या मोजता येतात. तज्ज्ञांनी त्या मोजल्या. रेघांची संख्या चकतीच्या एकूण फेऱ्यांच्या जवळपास निघाली. नोंदवहीत फेरे होते १५,५०३. याचा अर्थ असा, की १९७२ साली ती इंजिनात बसवली तेव्हापासून, अगदी पहिल्या उड्डाणापासून, भेग वाढत होती. सतरा वर्षे कारकुनाने वहीत फेरे लिहिले आणि सतरा वर्षे धातूने तेच आत कोरून ठेवले.

आणि तिची मर्यादा होती १८,००० फेरे. निवृत्तीला २,४९७ फेरे शिल्लक होते.

१८,००० हा आकडा काढताना बेरीज-वजाबाकी चुकली होती असे नाही. तो निर्दोष धातूसाठी काढलेला होता. निर्दोष धातूला शीण येऊन भेग जन्माला यायला आयुष्याचा मोठा भाग खर्च होतो. या चकतीची भेग जन्मतःच तिच्याबरोबर आली होती, म्हणून तिच्या बाबतीत तो भाग शून्य होता. कॉमेटच्या कवचासारखेच झाले: आकडा खरा, पण वेगळ्याच वस्तूचा.

मग तपासणीत ती कशी निसटली? मर्यादेच्या आधी जेव्हा जेव्हा इंजिन उघडले जाई तेव्हा चकती चमकत्या द्रवाने तपासत. हा द्रव भेगेत झिरपतो, पृष्ठ पुसून घेतात आणि अतिनील प्रकाशात भेग हिरवी-पिवळी चमकते. या चकतीची अशी तपासणी सहा वेळा झाली होती. शेवटची फेब्रुवारी १९८८ मध्ये, अपघाताआधी ७६० फेरे. त्या वेळी पृष्ठावर भेगेची लांबी सुमारे १२ मिलिमीटर असली पाहिजे, हे भेगेवरच्या रंग बदललेल्या पट्ट्यावरून कळले. बारा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. तरी ती दिसली नाही. चकती भोकातून तार ओवून टांगलेली असते. तारेआडचा भाग पाहायला ती फिरवावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे कारण लिहिताना बोट ठेवले ते तपासणीतल्या मानवी मर्यादांकडे झालेल्या दुर्लक्षावर. हजारो चांगल्या चकत्या पाहिलेल्या माणसाचा डोळा पुढचीही चांगलीच पाहतो. वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

या चौकशीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मात्र कागदांचा आहे. प्रत्येक चकतीला क्रमांक असतो आणि तिचा धातू कोणत्या ओतणीतला, कोणी घडवला, कोणी तपासला, कोणत्या इंजिनात किती फेरे झाले, ही वंशावळ जन्मापासून लिहिली जाते. मर्यादेचा कायदा उभा आहे तो या वहीवर. वही हरवली तर चांगली चकतीसुद्धा भंगार ठरते, कारण तिचे वय सांगायला दुसरे काहीच नसते. चौकशीत आढळले, की १९७१ च्या कारखान्यातल्या नोंदींत याच क्रमांकाच्या दोन चकत्या दिसतात. त्यांतली एक ध्वनिलहरींच्या तपासणीत संशयास्पद ठरून बाद व्हायला हवी होती. विमानात गेली ती नेमकी कोणती, हे कागदांवरून निश्चित करता आले नाही.

आमच्याकडून एकदा दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. दोन्हींची मापे सारखी, रंग सारखा. तीन आठवड्यांचे आकडे आम्ही फाडून टाकले आणि पुन्हा सुरुवात केली. प्रयोगशाळेत त्याची किंमत तीन आठवडे असते.

सू सिटीनंतर बरेच बदलले. टायटॅनियम दोनदा वितळवण्याऐवजी तीनदा वितळवणे जनरल इलेक्ट्रिकने १९७२ च्या सुरुवातीलाच स्वीकारले होते. ही दुर्दैवी चकती जुन्या पद्धतीच्या शेवटच्या धातूपैकी होती. पुढे थंड तळाच्या उथळ मुशीतून धातू वाहवून जड गुठळ्या तळाशी बसवण्याची रीत आली. १९९० साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या पथकाने टायटॅनियमच्या फिरत्या भागांचा प्रश्न तपासला. त्यातून 'धातू निर्दोष आहे' हे गृहीतच सोडून द्यायचे ठरत गेले. २००१ पासून टायटॅनियमच्या नव्या चकत्यांसाठी मार्गदर्शन असे आहे, की गुठळी किती मोठी, किती वेळा, कोठे असू शकेल याची संभाव्यता धरून हिशेब करायचा. फेऱ्यांची मर्यादा तशीच राहिली. तिच्या जोडीला हा दुसरा हिशेब आला.

याच्या उलट दिशेचा विचारही झाला होता. नऊशे नव्याण्णव चांगल्या चकत्या फेकणे अमेरिकेच्या हवाई दलाला परवडेना. १९८० च्या दशकात त्यांनी एफ-१०० या लढाऊ विमानांच्या इंजिनासाठी वेगळी पद्धत आणली: चकती ठरावीक फेऱ्यांनी अतिशय बारकाईने, यंत्राच्या मदतीने तपासायची आणि भेग सापडली तरच काढायची. वयावरून नव्हे, प्रकृतीवरून निवृत्ती. तर्काला हे पटते. पण सगळी भिस्त तपासणीवर येते, आणि बारा मिलिमीटरची भेग निसटू शकते हे आपण पाहिले. प्रवासी विमानांनी सक्तीची मर्यादा सोडली नाही, हे आम्हाला योग्य वाटते.

अर्थात मर्यादा पाळूनही अपघात संपले नाहीत. ६ जुलै १९९६ रोजी फ्लोरिडातील पेन्साकोला येथे डेल्टा कंपनीच्या एमडी-८८ विमानाच्या पंख्याचा गाभा धावपट्टीवरच फुटला, तुकडे प्रवासी कक्षात शिरले आणि दोघे दगावले. मर्यादा २०,००० फेरे, झाले होते १३,८३५. या वेळी धातू चांगला होता. भोक पाडताना छिद्रकाने तो जाळून कठीण केला होता. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी शिकागोला अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ ची टर्बाइन चकती फुटली. मर्यादा १५,०००, झाले होते १०,९८४. कारण निकेलच्या मिश्रधातूतला एक जन्मजात डाग, जो तेव्हाच्या तपासणीत सापडण्याची आशाच नव्हती. तुकडा जवळपास नऊशे मीटर दूरच्या गोदामाचे छप्पर फोडून आत पडला. विमानातले १७० जण बचावले.

आपल्याकडे याची झळ लागली ती २०२३ मध्ये. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने त्या वर्षी जाहीर केले, की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत धातूच्या भुकटीपासून घडवलेल्या काही चकत्यांत अशुद्धी राहिली आहे. त्या चकत्यांच्या फेऱ्यांच्या मर्यादा कमी करण्यात आल्या आणि मुदतीआधीच इंजिने उतरवून तपासण्याचे आदेश निघाले. या इंजिनांवर चालणारी इंडिगोची डझनावारी विमाने २०२३-२४ मध्ये जमिनीवर उभी होती. विमानतळावर इंजिनांच्या जागी मोकळे कवच टांगलेले विमान कोणी पाहिले असेल, तर त्यामागे हे होते.

निवृत्त चकतीचे पुढे काय होते, असे एका शाळेत मुलांनी आम्हाला विचारले होते. ती नुसती बाजूला ठेवत नाहीत. दिसायला ती इतकी चांगली असते, की उद्या कोणी खोटी वही जोडून ती विकायला काढील. म्हणून तिच्यावरचा क्रमांक खोडतात, आणि मग तिला करवतीने वा गॅसच्या ज्योतीने कापून असे तुकडे करतात, की ती पुन्हा कोणत्याही इंजिनात बसणार नाही.